पंचावन्न वर्षं, सहा महिने आणि दिवस किती?

आईचा एक अर्ज भरत होते. ‘१५ मार्च २०२४ रोजी वय’ आणि पुढे तीन चौकोन: वर्षे, महिने, दिवस. आईची जन्मतारीख २७ ऑगस्ट १९६८. तिला विचारलं तर म्हणाली, “छप्पन्नावं लागलंय, लिही की!” बोलताना आपण चालू वर्ष सांगतो, अर्जाला मात्र पूर्ण झालेली वर्षं लागतात. म्हणजे पंचावन्न. आता महिने आणि दिवस.

आधी आळशीपणा केला. फोनवर दोन तारखांमधले एकूण दिवस काढले, २०,२८९, आणि ३६५ ने भागले. ५५ वर्षं आणि वर २१४ दिवस उरले, म्हणजे सात महिन्यांच्याही वर. पण २७ फेब्रुवारीला तर सहाच महिने पुरे झाले होते! मधल्या १३ लीप वर्षांचे १३ दिवस त्या बाकीत येऊन बसले होते.

मग कागद घेतला आणि शाळेतल्यासारखी वजाबाकी मांडली. वर दिवस, महिना, साल, खाली जन्माचे. १५ मधून २७ जात नाहीत, एक महिना उसना घ्यायचा. मी ३० दिवस घेतले, उत्तर १८. ताईने मार्च म्हणून ३१ घेतले, तिचं १९. दोघींचं गणित बरोबर आणि उत्तरं वेगळी, त्यामुळे थोडी वादावादीही झाली. (ताई मोठी असल्याने तिचंच बरोबर, हा मुद्दाही येऊन गेला.)

शेवटी उसनं घेणंच सोडलं आणि बोटावर पुढे मोजत गेले. २७ ऑगस्ट २०२३ ला पंचावन्न पूर्ण. २७ फेब्रुवारी २०२४ ला वर सहा महिने. तिथून २८ ला एक दिवस, २९ ला दोन, कारण २०२४ लीप वर्ष, आणि मार्चचे पंधरा. सतरा! म्हणजे उसना महिना घ्यायचाच असेल तर तो फेब्रुवारी, तोही २९ दिवसांचा: १५ अधिक २९ वजा २७. मोजणी ज्या महिन्यातून पुढे सरकते त्याचे दिवस धरायचे. ताईने पोहोचलेला महिना धरला होता आणि मी तर कुठलाच नाही.

ताई सहज हार मानणारी नाही. “३१ जानेवारी २०२३ ला जन्मलेलं बाळ १ मार्चला केवढं?” आधीच्या महिन्याचे २८ घेतले तर १ अधिक २८ वजा ३१, वजा दोन दिवस! फेब्रुवारीला ३१ तारीखच नाही, तर महिना पुरा कधी झाला म्हणायचा? २८ ला झाला असं धरलं तर एक महिना एक दिवस. कुणी १ मार्चलाच पुरा झाला म्हणेल, तर नुसता एक महिना. यात गणित संपतं आणि नियम विचारावा लागतो. एक्सेलमधल्या ‘डेटडिफ’ या दोन तारखांमधलं अंतर काढणाऱ्या सूत्राच्या ‘एमडी’ या, नुसते वरचे दिवस सांगणाऱ्या पर्यायाबद्दल मायक्रोसॉफ्टनेच सावध केलंय, की उत्तर शून्य, उणे किंवा चुकीचं येऊ शकतं, हे वाचून मला जरा बरं वाटलं.

आईची तारीख सुदैवाने २७. चौकोनांत ५५, ६, १७ लिहिलं. आई चष्मा लावून बघत म्हणाली, “आणि छप्पन्नावं कुठे गेलं?”