आमची वाटचाल: फौजीचा पगार आणि किरायाच्या खोल्या

आमचं ऑफिस म्हणजे आर्वी-पुलगाव रस्त्याला लागून असलेल्या आमच्या घराची समोरची खोली. एक टेबल, एक लोखंडी कपाट आणि यांची, म्हणजे माझ्या नवऱ्याची, काळी फौजी पेटी. तिच्यावर नंबर, रँक आणि नाव अजून पांढऱ्या रंगात तसंच आहे, पण आत करारनामे आणि घरटॅक्सच्या पावत्या असतात. कामं दोन. आमच्या खोल्या किरायाने देणं, आणि ड्युटीवर असलेल्या फौजी भावांची घरं सांभाळून त्यांचा किराया त्यांच्या खात्यात पोहोचवणं. मालकीण मी. फौजेत असताना परवानगीशिवाय धंदा करता येत नाही, म्हणून पहिल्यापासून सारा कारभार माझ्या नावे चालला. २०२० साली हे हवालदार म्हणून रिटायर होऊन आले आणि दुसऱ्याच दिवशी मला विचारलं, "मॅडम, माझी ड्युटी काय?" तेव्हापासून नळ, मोटर आणि मीटर यांच्याकडे.

आमच्या पट्ट्यात फौजी घरं कमी नाहीत. पुलगावला दारूगोळ्याचा मोठा डेपो, कामठीला गार्ड्सचं सेंटर, शिवाय भरतीला पळणारी पोरं गावोगाव. पण फौजीच्या घरात पैसा येतो तसा जातोही. सुट्टीवर आलेला माणूस वर्षभराचं एका महिन्यात जगून घेतो, आणि गावालाही वाटतं की याच्याकडे सरकारी छापखाना आहे.

आमच्याकडे एक नियम होता, तो मामाजींनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी घालून दिला. पगारातून घर चालवायचं, भत्त्याला हात लावायचा नाही. हे फिल्डवर, म्हणजे सीमेकडच्या ड्युटीवर असले की रेशन, राहणं सरकारचं. उंचावरच्या पोस्टिंगचा भत्ता वेगळा. हे भविष्यनिर्वाह फंडात कमीत कमी भरायची रक्कम कधीच भरत नसत, नेहमी चढवून भरत. तो पैसा हातात आलाच नाही, म्हणून खर्चही झाला नाही. मी दोन पीस पोस्टिंगला, म्हणजे कुटुंब नेता येतं अशा ठिकाणी, क्वार्टरमध्ये सोबत राहिले, बाकीची वर्षं सासरीच. ज्वारी वावरातली, तूर वावरातली. साबण, चहापत्ती, प्रेशर कुकर फौजी कॅन्टीनचं. कॅन्टीनमध्येही मी यादी घेऊनच जायची. स्वस्त मिळते म्हणून नको ती वस्तू घेणारे मी खूप पाहिले. आणि कॅन्टीनच्या कोट्यातली दारूची बाटली गावात कोणालाच दिली नाही. एकाला दिली की अख्खा पार दारात बसतो, हे ज्याच्या घरी फौजी आहे त्याला सांगायला नको.

सहाव्या वेतन आयोगाचा फरक दोन हप्त्यांत आला, आधी चाळीस टक्के आणि पुढच्या वर्षी साठ. त्या दोन वर्षांत आमच्या आजूबाजूला किती मोटारसायकली आल्या ते मोजायला नको. काहींनी लेआउटमध्ये प्लॉट घेतले. प्लॉट वाईट नसतो, पण तो किराया देत नाही आणि गावाकडे त्याची किंमत वाढायला जन्म जातो. आम्ही गावठाणातल्या आमच्याच मोकळ्या जागेवर दोन खोल्या काढल्या. कर्ज न घेता.

इथे थोडं बांधकामाचं सांगते, कारण किरायाच्या धंद्यातला निम्मा पैसा इथेच वाचतो किंवा बुडतो. आमची जमीन काळी, कपाशीची. पावसात फुगते, उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात. तिच्यावर वरवर पाया घातला की दोन-तीन पावसाळ्यांत भिंत दाराच्या कोपऱ्यातून तिरपी चिरते. आमचे मिस्त्री म्हणाले, "वहिनी, काळ्या मातीवर भरोसा नाही ठेवाचा. मुरूम लागेपर्यंत खोदा लागते." खोदलं. पायाच्या नालीत काळी माती परत भरू दिली नाही, बाहेरून मुरूम आणला, पायावर चारही भिंतींखाली सिमेंट-सळईचा पट्टा, म्हणजे प्लिंथ बीम फिरवली आणि चारही बाजूंनी पाणी लांब जाईल असा सिमेंटचा उतार केला. शेजारचे हसले की दोन खोल्यांना एवढा खर्च जमिनीखाली. त्या खोल्यांना आजपर्यंत प्लास्टर सोडून दुरुस्ती लागली नाही.

दुसरी गोष्ट ऊन. मे महिन्यात आमच्याकडे पारा ४५ च्या वर जातो. गावात खोली पाहायला आलेला माणूस आधी खिडकी पाहतो, कूलर बसतो की नाही. आम्ही प्रत्येक खोलीला कूलरच्या मापाची खिडकी, बाहेर अँगलचं स्टँड आणि त्याच्या बाजूला नळ दिला. स्लॅबवर दरवर्षी चैत्रात पांढरा चुना. महावितरणचं मीटर प्रत्येकाचं वेगळं, त्यामुळे "तुमचा कूलर रातभर चालतो" हे भांडण आमच्या वाड्यात नाही. एवढ्या नळा-स्टँडसाठी दवाखान्यातल्या सिस्टरबाई आणि शिक्षक आमच्याकडे महिन्याला दोन-तीनशे रुपये जास्त देतात आणि बदली होईपर्यंत सोडत नाहीत. गावात एका खोलीला अडीच हजार, दोन खोल्या आणि संडास-बाथरूमला चार-साडेचार. शहरातल्या माणसाला हसू येईल. पण खोली दोन महिने रिकामी राहिली की वर्षाचा सहावा हिस्सा गेला, म्हणून मी किराया वाढवण्यापेक्षा माणूस टिकवते. आमचा हंगाम ठरलेला आहे: जूनमध्ये शाळा उघडायच्या आधी बदलीवाले, दिवाळीनंतर कापसाच्या जिनिंगवाले.

मधे समृद्धी महामार्गाचं काम निघालं. कंपन्यांचे इंजिनीअर, सर्व्हेवाले, ऑपरेटर खोल्या शोधत गावोगाव फिरू लागले, दुप्पट किराया रोख द्यायला तयार. आमच्याकडे ज्या खोल्या त्या वेळी मोकळ्या होत्या तेवढ्याच त्यांना दिल्या. शिक्षकांना उठवलं नाही, नवीन बांधकाम काढलं नाही. यावरून घरात बरीच बोलाचाली झाली, माझ्या दिरांना अजून वाटतं की मी लक्ष्मी परत पाठवली. ११ डिसेंबर २०२२ ला नागपूर-शिर्डी रस्ता सुरू झाला, कॅम्प उठले. कर्ज काढून ज्यांनी ओळीने खोल्या बांधल्या होत्या त्यांच्यातल्या काहींच्या खोल्यांत आता सोयाबीनची पोती आहेत, आणि हप्ते चालू आहेत.

रिटायरमेंटच्या वेळी खरा हिशेब बसून करावा लागला. फौजीला निम्म्यापर्यंत पेन्शन विकता येते. एकरकमी पैसा मिळतो, पण तेवढी पेन्शन पंधरा वर्षं कापली जाते. मी वहीत दोनच आकडे समोरासमोर लिहिले, दर महिन्याला किती कापलं जाणार आणि त्या पैशातून किती किराया उभा राहील. किराया जास्त निघाला तेव्हाच हो म्हटलं. त्यातून २०२१ मध्ये आर्वीत एक जुनं कवेलूचं, म्हणजे कौलारू घर घेतलं, माझ्या नावावर, कारण त्याच वर्षी १ एप्रिलपासून महिलेच्या नावे घर घेतलं तर मुद्रांक शुल्कात एक टक्का सूट सुरू झाली होती. तेव्हा पंधरा वर्षं पुरुषाला विकायचं नाही अशी अट होती, ती पुढे काढली. आम्हाला विकायचंच नव्हतं.

मात्र एक समज सगळ्यांनी दूर करावा. घर बायकोच्या नावावर आणि पैसा नवऱ्याचा असेल तर त्याचा किराया आयकरात नवऱ्याच्याच उत्पन्नात धरतात. नावापुरतं घर करून कर वाचत नाही. पण त्या किरायातून जमलेला पैसा पुन्हा गुंतवला तर त्यावरची कमाई बायकोची. म्हणून किरायाचं खातं मी पहिल्या दिवसापासून वेगळं ठेवलं, त्यात घरखर्चाचा एक रुपया मिसळला नाही. शिवाय घराच्या किरायातून मालमत्ता कर वजा जाऊन उरलेल्यावर ३० टक्के सरसकट वजावट मिळते, दुरुस्तीची बिलं दाखवायची गरज नाही.

दुसऱ्यांची घरं सांभाळायचं काम यांच्याच बॅचमेटमुळे आलं. त्यांचा वर्ध्याला फ्लॅट, स्वतः काश्मिरात, आणि किरायदार ना पैसे देई ना फोन उचली. कागद तर काहीच नव्हता. महाराष्ट्राच्या १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्यात कलम ५५ आहे. करार लेखी आणि नोंदवलेला हवा, आणि तो नोंदवायची जबाबदारी घरमालकाची. नोंदवला नसेल तर अटींबद्दल किरायदार जे म्हणेल ते आधी खरं धरलं जातं. याच कायद्याच्या कलम २३ मध्ये फौजींसाठी वेगळी सोय आहे. स्वतःला राहायला घर पाहिजे असेल तर कमांडिंग ऑफिसरच्या दाखल्यावर ताबा मागता येतो. हे बहुतेक जवानांना माहीतच नसतं. आता आमच्याकडे जो जवान येतो त्याचं काम आम्ही आधी कागदापासून धरतो: गावातलं घर असेल तर नमुना ८ (ग्रामपंचायतीचा घराचा उतारा), टॅक्स पावती, अकरा महिन्यांचा ऑनलाइन नोंदणीचा करार, पोलीस स्टेशनला किरायदाराची माहिती. आमची फी किरायाच्या आठ टक्के, आणि खोली रिकामी असेल त्या महिन्यात शून्य. जवानाच्या बायकोला आमचा नंबर दिलेला असतो, कारण हिशेब बहुतेक घरी तीच पाहते.

यांची कापलेली पेन्शन २०३५ मध्ये पूर्ववत होईल. तोपर्यंत आर्वीच्या घरावर वरचा मजला घ्यायचा म्हणून हे सळया उघड्या ठेवायला लावतात, आणि मी दर पावसाळ्याआधी त्यांना सिमेंटचं पाणी लावून घेते. मजला कोणाच्या पैशाने, यावर घरात अजून एकमत नाही. मुलगा म्हणतो कर्ज काढू. त्याला मी वही दाखवली आहे, त्याने अजून उघडलेली नाही.