अडतीस नंबरची बाटली

अमेरिकेतल्या पोर्टलंडमधल्या आमच्या दुकानात शनिवारी उभं राहायला जागा नसते. घरी बिअर करणाऱ्यांचं सामान आम्ही विकतो. कुणाला माल्ट, म्हणजे मोड आणून वाळवलेलं धान्य, भरडून हवं असतं, कुणाला यीस्ट, आणि दोघंतिघं तरी बिघडलेली बाटली घेऊन आलेले असतात. चव घेऊन दोष सांगायचं काम फुकट, आणि ते बहुतेक माझ्याकडेच येतं, कारण मी सांगलीला मायक्रोबायोलॉजी शिकले.

मार्चमधल्या एका शनिवारी लेथवर आयुष्य काढलेले एक निवृत्त गृहस्थ पेल एल या प्रकारच्या बिअरच्या दोन बाटल्या घेऊन आले. सप्टेंबरमध्ये मुलीचं लग्न, पाहुण्यांना घरची बिअर द्यायची होती. झाकणांवर बाटल्या भरल्याच्या क्रमाने आकडे घातलेले: २ आणि ३८. मी २ नंबर उघडली. जखमेवर लावायच्या चिकटपट्टीचा वास थेट नाकात गेला.

"पाण्यातलं क्लोरीन काढता का तुम्ही?"

"उकळतो की."

झालं, माझं निदान ठरलं. इथलं पाणी बुल रन खोऱ्यातून येतं, मऊ आणि सुरेख, पण शहर त्यात क्लोरामाइन, म्हणजे क्लोरीन-अमोनियाचं संयुग, घालतं, आणि ते उकळून सहजी जात नाही. माल्टमधल्या फेनॉलशी त्याची गाठ पडली की क्लोरोफेनॉल तयार होतं, आणि त्याला असाच चिकटपट्टीचा वास असतो. अब्जात काही भाग असलं तरी जिभेला कळतं. यावर उपाय स्वस्त आहे: पाच गॅलन पाण्याला क्लोरामाइन घालवणाऱ्या कॅम्पडेनची पाव गोळी. मी डबी हातात दिली. मागे रांग होती. ३८ नंबर न उघडताच काउंटरखालच्या फ्रिजमध्ये गेली. जाता जाता ते म्हणाले, "बाटल्या भरताना चाखली तेव्हा मात्र झकास होती." हे वाक्य मला नीट ऐकू आलं होतं.

मेमध्ये ते परत आले. गोळी घातली होती, वर नळाचं पाणीही टाळून झऱ्याचं विकतचं पाणी वापरलं होतं. वास तोच. आणि या वेळी झाकण काढताच अर्धी बाटली फसफसून काउंटरवर.

क्लोरोफेनॉलने बाटली फसफसत नाही. शिवाय पाण्याचा दोष असता तर तो भरण्याच्या दिवशीच्या घोटात लागला असता. उरलेली बिअर दोन ग्लासांत वीसेक वेळा उलटसुलट ओतून मी गॅस घालवला आणि घनता मोजणारा हायड्रोमीटर सोडला: १.००८. साखर खाल्ली गेली की हा आकडा उतरतो. त्यांच्या वहीत भरण्याच्या दिवशीचा आकडा होता १.०१२. म्हणजे नेहमीचं यीस्ट ज्या शर्करांना हात लावत नाही, त्या बाटलीत शिरलेलं कुणीतरी खात बसलं होतं. रानटी यीस्ट. तेही फेनॉल तयार करतं. कधी लवंगेसारखा वास, कधी धुरासारखा, कधी औषधाचा. घरच्या सगळ्या बाटल्या आधी फ्रिजमध्ये ठेवा आणि डोळ्यांना चष्मा लावल्याशिवाय हात लावू नका, असं सांगितलं. काच फुटून माणसं जखमी होतात.

माझा सहकारी म्हणाला, सगळं प्लास्टिक फेकून नवं घ्यायला सांग. तो सगळ्यांना हेच सांगतो, आणि मला ते पटत नाही. खेप वाचते, पण कारण कळत नाही, आणि सहा महिन्यांनी माणूस पुन्हा तिथेच.

ज्या बादलीतून ते बाटल्या भरत ती मी मागवली, तोटीसकट. बादली आरशासारखी. तोटी बाहेरून तशीच. पण ही तोटी म्हणजे एकात एक बसवलेल्या दोन नळ्या असतात. कढत पाण्यात दहा मिनिटं ठेवली, प्लास्टिक सैल झालं, मग लाकडी चमच्याच्या दांड्याने मागून दाबलं तशी आतली नळी सुटली. दोन्हींच्या मध्ये तपकिरी-गुलाबी, बुळबुळीत कडं. गृहस्थ बराच वेळ ते बघत राहिले. "हे उघडतं?" एवढंच म्हणाले.

नव्या माणसाच्या संचात जे पत्रक मिळतं, त्यात हे लिहिलेलं मी अजून पाहिलेलं नाही. सॅनिटायझरबद्दल मात्र पानभर मजकूर. अरे, पण थराखाली बसलेल्या जंतूंपर्यंत त्या सॅनिटायझरचं आम्ल पोचणार कसं? लोणच्याची बरणी आई आधी घासायची, उन्हात कडकडीत वाळवायची आणि मग हिंगाची धुरी द्यायची. मळक्या बरणीला धुरी दिलेली मी घरात कधी पाहिली नाही.

त्या संध्याकाळी दुकान बंद केल्यावर ३८ नंबर उघडली. लवंगेची पुसट छटा, बाकी स्वच्छ, छान बिअर. तोटीत साचलेली घाण सुरुवातीच्या बाटल्यांत सगळ्यात जास्त गेली होती. एकाच खेपेच्या, एकाच पाण्याच्या दोन बाटल्या आणि दोन चवी: मार्चमध्येच दोन्ही ग्लास शेजारी ठेवले असते तर पाण्याचं नाव तोंडातून निघालंच नसतं. त्यांनी आकडे घालून पुरावा हातात आणून दिला होता. दुसरी खेप, पन्नासेक बाटल्या, माझ्या शब्दावर विसंबून गेली.

तिसरी सध्या आंबते आहे. दोन नव्या तोट्या मी दिल्या आहेत, त्या खोलायच्या कशा ते त्यांनी माझ्यासमोर चार वेळा करून पाहिलं. पहिली, मधली आणि शेवटची अशा तीन बाटल्या आणायला सांगितल्यात, मंगळवारी, दुकानात कुणी नसतं तेव्हा.