आमची वाटचाल : फ्लेक्सवरून थ्रीडीकडे

कोल्हापूरच्या शिरोली आणि गोकुळ शिरगाव एमआयडीसीत फाउंड्र्या आणि मशीन शॉप्स भरपूर. आमचं काम ग्राफिक डिझाइनचं; सुरुवातीला पोट त्यांच्याच कॅटलॉगवर आणि निवडणुकांच्या फ्लेक्सवर चाललं. त्यासाठीच्या कोरल ड्रॉ सॉफ्टवेअरला साधा पीसीही पुरतो. पुढे पंप बनवणाऱ्या एका गिऱ्हाइकाने विचारलं, "आत पाणी कसं फिरतं ते प्रदर्शनात दाखवता येईल का?" तिथून थ्रीडी सुरू झालं.

ब्लेंडर हे थ्रीडीचं सॉफ्टवेअर फुकट, त्यामुळे पैसा घालायचा तो मशीनमध्येच. सेकंदाला 25 फ्रेम धरल्या तर 30 सेकंदांच्या फिल्मला 750 फ्रेम लागतात. एक फ्रेम रेंडर व्हायला, म्हणजे कॉम्प्युटरने तिचं चित्र तयार करायला, चार मिनिटं म्हटली तरी 50 तास! आमच्या जुन्या ग्राफिक्स कार्डावर तर रेंडर सुरूच होईना. कारखान्यातून मशीनच्या थ्रीडी डिझाइनची स्टेप फाइल येते, तिच्यात प्रत्येक बोल्टचे आटेसुद्धा काढलेले असतात. तिची मेश (त्रिकोणांची जाळी) केली की लाखो त्रिकोण होतात आणि तो सगळा सीन कार्डाच्या मेमरीत मावावा लागतो.

दुकानदार मात्र कुठला गेम किती पळतो तेच सांगायचे. आमच्या बजेटमध्ये दोन कार्डं होती : आरटीएक्स 3060 टीआय, वेगाने सरस पण 8 जीबी मेमरीचं, आणि साधं 3060, थोडं संथ पण 12 जीबीचं. आम्ही 12 जीबीचं धरलं. सीन मावलाच नाही तर वेग घेऊन करायचं काय? अशी दोन कार्डं लावली की 24 जीबी होतात, हाही एक गैरसमज. रेंडर लवकर होतो, पण प्रत्येक कार्डात पूर्ण सीन बसावाच लागतो.

2021मध्ये क्रिप्टो मायनिंगमुळे (कार्डांवर आकडेमोड करून क्रिप्टो चलन मिळवण्यामुळे) कार्डांचे भाव आभाळाला भिडले होते, म्हणून थांबलो. सप्टेंबर 2022मध्ये इथेरियम या क्रिप्टो चलनाचं कार्डांवरचं मायनिंग बंद झालं आणि जुनी कार्डं स्वस्तात विकायला आली. ती घेतली नाहीत. रात्रंदिवस तापलेलं कार्ड ऐन डिलिव्हरीला बसलं तर गिऱ्हाइकाला काय सांगणार?

बाकी रॅम 64 जीबी, कारण आफ्टर इफेक्ट्स हे व्हिडिओ इफेक्ट्सचं सॉफ्टवेअर प्रिव्ह्यूसाठी भरपूर रॅम खातं. पॉवर सप्लाय आणि यूपीएसमध्ये काटकसर केली नाही. रेंडर थेट व्हिडिओत न काढता पीएनजी फ्रेम्समध्ये काढतो. लाईट गेली तरी चालू असलेली एकच फ्रेम वाया जाते. जीएसटीचं क्रेडिट आणि आयकरात वर्षाला 40 टक्के घसारा मिळतो, म्हणून सीएंनीही कुरकुर केली नाही.

आता गिऱ्हाईक सहज म्हणतं, "फोर-केमध्येच द्या की!" फुल एचडीच्या चौपट पिक्सेल, रेंडरचा वेळही जवळपास त्याच पटीत. त्यामुळे कोटेशनमध्ये फोर-केची ओळ आम्ही वेगळी टाकतो. ती वाचून बरेच जण फुल एचडीवर येतात.