तुम्ही विचारलंत म्हणून: लढाईतला क्लार्क

सोसायटीत झेंडावंदन झालं की कुणीतरी विचारतंच, "काका, एकाहत्तरच्या लढाईत तुम्ही होतात ना? मग तिथं काय केलंत?" पलटणीत क्लार्क होतो म्हटलं की विचारणारा जरा हिरमुसतो. पोरांना रणगाड्याची गोष्ट हवी असते. ती त्यांनी जरूर ऐकावी, ज्यांनी रणगाडा चालवला त्यांच्याकडून. माझ्याकडे गोष्ट आहे ती कागदांची, आणि मला ती कमी मोलाची कधीच वाटली नाही.

मी माण तालुक्यातला. तिकडे पावसाचा भरवसा नाही, म्हणून घरटी एक पोरगा पलटणीत नाहीतर मुंबईला गिरणीत, अशी रीत होती. वडील एका दुकानात दिवाणजी. रोजकीर्द, खतावणी, जमा-नावे हे सगळं मी त्यांच्या शेजारी बसून शिकलो. पुढे रयतच्या शाळेत मॅट्रिक झालो. अक्षर चांगलं आणि आकडेमोड पक्की, म्हणून भरतीत क्लार्क म्हणून घेतलं.

जवानाच्या पगाराचं खातं पलटणीत नसतं, दूरच्या पे अकाउंट्स ऑफिसात असतं. तिथल्या माणसाला जवान दिसत नाही, फक्त आम्ही पाठवलेला कागद दिसतो. लग्न झालं, मूल झालं, बढती मिळाली, सुट्टीवर गेला, वारला, सगळं 'पार्ट टू ऑर्डर'मध्ये चढवायचं. तिथं चढलं नाही तर सरकारच्या लेखी ते घडलंच नाही. पगारातला ठरावीक हिस्सा मनिऑर्डरने परस्पर घरी जायचा, त्याला फॅमिली अलॉटमेंट म्हणत. पोस्टमन दारात आला की गावाकडची माउली अंगठा उठवून पैसे घ्यायची. मधे कुठं एक आकडा चुकला तर तिचा महिना कोरडा जायचा. म्हणून मी प्रत्येक कागद दोनदा ताडून बघायचो.

1971 साली आमची पलटण पूर्वेकडे होती. पुढे सरकण्याआधी आम्ही एकेकाला बोलावून वारसाचं नाव, गाव, पोस्ट, तालुका पुन्हा विचारून घेत होतो. मृत्युपत्रंही तेव्हाच व्हायची. 1925 च्या भारतीय उत्तराधिकार कायद्यात लढाईवरच्या सैनिकाला खास सवलत आहे: त्यानं स्वतःच्या हातानं लिहिलेल्या मृत्युपत्राला सही-साक्षीदार लागत नाहीत, दोन साक्षीदारांसमोर तोंडी सांगितलं तरी चालतं. विशीतली पोरं ती. मृत्युपत्रात घालायला जमीन कुणाच्याच नावावर नव्हती. "आईला द्या," एवढंच म्हणायची.

3 डिसेंबरला लढाई पेटली, 16 ला ढाक्यात शरणागती झाली. बाकीच्यांचं काम थोडं हलकं झालं आणि माझं सुरू झालं. जे परतले नाहीत त्यांची खाती मिटवायची. पेटीतल्या सामानाची यादी करायची: घड्याळ, फोटो, पत्रं, नवा टॉवेल. एका जवानाला मुलगी झाल्याचं पत्र तो गेल्यावर आलं. मी तारखा पाहिल्या. पोर आधी जन्मली होती, बाप नंतर गेला होता. साहेबांना विचारून आधी तिची नोंद घातली, मग त्याची. कुणी काय केलंत विचारलं की मला ते दोन कागद आठवतात. ती आज पन्नाशी ओलांडलेली बाई असेल.

तिकडे माझं स्वतःचं घर बायकोनं एकटीनं ओढलं. मी वर्षातून दोन महिने सुट्टीवर यायचो. थोरला चालायला लागला ते मी पाहिलं नाही. 1972 च्या दुष्काळात माझी मनिऑर्डर येत होती, पण घरात खाणारी तोंडं पुष्कळ, म्हणून बायको दुष्काळी कामावर खडी फोडायला गेली. तिथं मिळणारी सुकडी खाऊन राहिली आणि पत्रात त्याचं एक अक्षर लिहिलं नाही. मला ते सुट्टीवर आल्यावर तिच्या हातांवरून कळलं. पेन्शन घेऊन आलो, भोसरीच्या एका कारखान्यात अकाउंटंट म्हणून लागलो, तेव्हा कुठं आम्ही एका छपराखाली आलो. मुलं शिकली, मार्गी लागली.

आता नोव्हेंबर आला, हयातीच्या दाखल्याचे दिवस आले की ओळखीपाळखीच्या वीरपत्नी आणि पेन्शनरांच्या विधवा माझ्याकडे कागद घेऊन येतात. बहुतेकींची अडचण एकच. आपल्याकडे लग्नात मुलीचं नाव बदलायची चाल. फौजेच्या रेकॉर्डात माहेरचं नाव, आधार कार्डावर सासरचं, बँकेत तिसरंच काहीतरी. नवरा असेपर्यंत कुणाच्या ध्यानात येत नाही. तो गेला की कुटुंब निवृत्तिवेतनासाठी त्या बाईला आपण त्याचीच बायको आहोत हे कागदानं दाखवावं लागतं. चाळीस-पन्नास वर्षं संसार केलेल्या बाईवर ही वेळ यावी याचा मला संताप येतो. मग मी बसतो, अर्ज लिहितो, तारखा जुळवतो. हात थरथरतो हल्ली, पण आकडा चुकत नाही.

तुमच्या घरात कुणी माजी सैनिक असतील तर आजच त्यांची पीपीओ, म्हणजे पेन्शन मंजुरीचा कागद, काढा. त्यावर पत्नीचं नाव आहे का, जन्मतारीख आधारशी जुळते का, बघा. जुळत नसेल तर ते धडधाकट असतानाच रेकॉर्ड ऑफिसला अर्ज करा, त्यांची सही असली की काम सोपं होतं. कसं लिहायचं ते जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात सांगतात. तिथं जाणं जमत नसेल तर कागद घेऊन माझ्याकडे या, संध्याकाळी मी घरीच असतो.