सान कार्लोच्या डोक्यात

“तुम्ही जा वर. माझ्या गुडघ्यांना ह्या बाबांचं खालूनच दर्शन बरं,” असं म्हणून बायकोने बाकावर बैठक मारली आणि मी एकटाच शिडीला लागलो.

लेकीकडे मिलानला आलो होतो. ऑक्टोबरचे शेवटचे दिवस, त्यात रविवार. लोकलसारख्या गाडीने तासाभरात माज्जोरे तळ्याकाठच्या आरोना गावात उतरलो. गावाबाहेर टेकाडावर कार्लो बोर्रोमेओ या संताचा पुतळा उभा आहे. इथले लोक त्याला ‘सान कार्लोने’ म्हणतात, म्हणजे आपल्या भाषेत ‘थोरला कार्लो’. चौथऱ्यासकट उंची ३५ मीटर. अंगावर ठोकून आकार दिलेले तांब्याचे पत्रे, आत दगडी गाभा, आणि पार डोक्यापर्यंत जाता येतं! काम पूर्ण झालं १६९८ साली. स्वातंत्र्यदेवीचा पुतळा घडवण्याआधी बार्तोल्दी हा शिल्पकार इथे अभ्यासाला येऊन गेला होता.

चौथऱ्यापर्यंतचा जिना सोपा. तिथून पुढे झग्याच्या घडीत शिरलं की उभी लोखंडी शिडी. अंधार, तांब्याचा वास, आणि पत्र्यांच्या जोडांवरचे खिळे हाताला लागतात. वर चढणारा आणि खाली उतरणारा समोरासमोर आले की कोणीतरी पोट आत घ्यायचं. अखेर डोक्यात पोचलो. संताच्या डोळ्यांतून बाहेर बघायचं, नाकपुडीतूनही चालतं. नाक ८५ सेंटिमीटरचं. पण त्यात शिल्पकाराची अतिशयोक्ती धरू नका. कुठलंही चित्र बघा, कार्लोसाहेबांचं नाक हीच त्यांची पहिली ओळख.

डोळ्यांतून दिसतं ते निळं तळं आणि समोरच्या काठावर आंगेराचा किल्ला. तोही बोर्रोमेओंचाच. अलीकडच्या काठावरच्या ज्या किल्ल्यात १५३८ साली कार्लो जन्मला, तो मात्र नेपोलियनने पाडून टाकला. घरचं वजन एवढं की मामा पोप झाल्याबरोबर बावीस वर्षांचा होण्याआधीच भाचा कार्डिनल! आपल्याकडच्या घराणेशाहीला नावं ठेवताना हे आठवायला हरकत नाही. फरक पुढे पडला. मिलानचा आर्चबिशप झाल्यावर रोममध्ये बसून उत्पन्न खाण्याऐवजी हा माणूस १५६५ साली खरोखर मिलानला राहायला आला. त्या काळी ही नवलाची गोष्ट होती.

दक्षिणेतली ओरियाची जहागीर त्याने विकली. चाळीस हजार सोन्याची नाणी आली आणि ती एका दिवसात गोरगरिबांत वाटली, असं सांगतात. मग १५७६ साली प्लेग आला. गव्हर्नर आणि बडी मंडळी शहर सोडून गेली. कार्लो मृत्युपत्र करून मागे राहिला. घरातली चांदी मोडली. थंडी पडली तशी लोकांच्या अंगावर घालायला कापड उरलं नाही, तेव्हा वाड्यातले पडदे आणि भिंतींवरची झालर उतरवून त्यांचे कपडे शिवून घेतले. लाल, जांभळे, हिरवे. प्लेगच्या शहरात चिंध्यांऐवजी दरबारी पडदे नेसून फिरणारी माणसं! मला तरी हा संत ३५ मीटरच्या तांब्यापेक्षा ह्या पडद्यांत जास्त दिसला.

प्लेग म्हटलं की आपल्याला १८९७चं पुणं आठवतं. रोग्याला पाठीवर घेऊन जाणाऱ्या आणि त्याच साथीत गेलेल्या सावित्रीबाई आठवतात. शिडी उतरताना माझ्या मनात त्याच होत्या.

तरी आरती ओवाळून मोकळं व्हावं असा हा माणूस नाही. शिस्तीचा कडक, न पटणाऱ्यांना न सोडणारा. १५८३ साली आल्प्समधल्या मेसोल्चिनाच्या खोऱ्यात (आता हे स्वित्झर्लंडमध्ये येतं) तो पाहणीला गेला, तेव्हा चेटकीण ठरवून बायका जाळल्या गेल्या. चरित्रातलं हे पान पुतळ्याजवळच्या भाविकांच्या तोंडी येत नाही.

चार नोव्हेंबरला त्याचा सण. मिलानच्या दुओमोत, म्हणजे तिथल्या मुख्य चर्चमध्ये, त्या सुमारास खांबाखांबांच्या मध्ये त्याच्या आयुष्यावरची प्रचंड चित्रं टांगतात. जहागीर विकल्याचं चित्र चेरानो या चित्रकाराचं, आणि आरोनाच्या पुतळ्याचा आराखडाही त्याचाच. खाली तळघरात स्फटिकाच्या पेटीत कार्लोचा देह आहे, चेहऱ्यावर चांदीचा मुखवटा. १५८४ साली, अवघ्या सेहेचाळिसाव्या वर्षी तो गेला. १६१०मध्ये संतपद मिळालं. बोर्रोमेओंचं बोधचिन्ह म्हणजे ‘हुमिलितास’, अर्थात नम्रता, हा शब्द आणि त्याच्या डोक्यावर मुकुट. बायको म्हणाली, “शब्द ठेवायचा होता, मुकुट काढायचा होता.”

लेकीचं घर पोर्ता व्हेनेत्सियाजवळ. तिथे पूर्वी लाझारेत्तो होतं, साथीच्या रोग्यांना वेगळं ठेवायची जागा. चौकोनी अंगण आणि सभोवार २८८ खोल्या. मधोमध कार्लोने आठ बाजूंचं देऊळ बांधायला घेतलं, सगळ्या बाजूंनी उघडं, म्हणजे रोग्याला खोलीच्या दारातूनच मिस्सा, म्हणजे चर्चमधली उपासना, दिसावी. शहरातही टाळेबंदीत चौकाचौकांत वेदी मांडून, लोक खिडकीतून बघतील अशी प्रार्थना त्याने चालवली होती. आता त्या देवळाच्या उघड्या कमानी भिंतींनी बुजल्या आहेत. खोल्यांच्या जागी इमारती उठल्यात, खाली इथिओपियन आणि एरिट्रियन खानावळी.

आम्ही गेलो तेव्हा देऊळ बंद होतं. बायकोने चपलांकडे एकदा पाहिलं, काढाव्यात की नाही ठरेना, शेवटी तशीच निघाली. आठही बाजू तिने हळूहळू फिरून पुऱ्या केल्या. “इथे शिडी नाही ना,” म्हणाली, आणि मग घावनासारखा इंजेरा कुठल्या खानावळीत चांगला मिळतो हे लेकीला विचारायला फोन काढला.