जुन्या वायरिंगवर नवा एमसीबी

वाडा असो, चाळ असो की १९७०-८० च्या दशकातली सोसायटी, जुन्या घरातली लाइट ‘नवी करून घेतली’ म्हणजे बहुतेकदा एवढंच झालेलं असतं: किटकॅट (चिनीमातीच्या, तार बदलायच्या) फ्यूजचा लाकडी बोर्ड निघाला, तिथे एमसीबीची, म्हणजे जास्त करंट गेला की आपोआप पडणाऱ्या स्विचची, पांढरी पेटी बसली, मॉड्युलर स्विच लागले. भिंतीतली वायर तीच. वर एसी घेतला म्हणून त्या १/१८ च्या बारीक वायरीवर २० अँपियरचा एमसीबी. असं घर आधीपेक्षा जास्त धोक्याचं असतं.

एमसीबी वायर जळू नये म्हणून असतो. त्यामुळे तो वायर बघून निवडायचा, उपकरण बघून नाही. जुन्या मापातली १/१८ म्हणजे सुमारे १.२ स्क्वेअर एमएम. तांब्याची असेल तर तिला ६ अँपियरचा एमसीबी पुरे. ३/२० म्हणजे साधारण २ स्क्वेअर एमएम, तिला १०. वायर अॅल्युमिनियमची असेल तर त्याच जाडीत ती तांब्याच्या साधारण पाऊणपट करंट झेपवते. शिवाय अॅल्युमिनियम स्क्रूखाली हळूहळू दबतं, जॉइंट सैल होतो, वर ऑक्साइडचा थर चढतो आणि सॉकेटचं टर्मिनल तापून काळं पडतं. तांब्याची वायर तिला पिळून टेप मारलेले जॉइंट तर सगळ्यात आधी जातात. २ किलोवॅटचा गिझर २३० व्होल्टला ८.७ अँपियर घेतो, तोही सलग अर्धा तास. पंखा आणि दोन बल्बसाठी ओढलेल्या वायरीवर त्याला जागा नाही.

काम सुरू करण्याआधी तीन गोष्टी तपासायच्या. पहिली, जुन्या मेन स्विचमध्ये न्यूट्रललाही (करंट परत नेणाऱ्या तारेलाही) फ्यूज आहे का. पूर्वी दोन्ही तारांवर किटकॅट लावायची पद्धत होती. न्यूट्रलचा फ्यूज उडाला की दिवे जातात, ‘लाइट गेली’ असं समजून माणूस होल्डरला हात घालतो आणि फेज (करंट आणणारी तार) तिथे जिवंतच असतो. न्यूट्रलमध्ये फ्यूज नको, सरळ लिंक हवी. दुसरी, स्विच फेजवर आहे की न्यूट्रलवर. स्विच बंद करून होल्डरला टेस्टर लावला आणि तो पेटला, तर तारा उलट्या आहेत. तिसरी, मेगर, म्हणजे वायरीच्या इन्सुलेशनचा रोध मोजणारं यंत्र. मेन बंद करून ५०० व्होल्टच्या मेगरने फेज-न्यूट्रल एकत्र धरून अर्थशी आणि मग एकमेकांशी तपासायचं. १ मेगाओहमच्या खाली आकडा आला तर ते वायरिंग बदलायचंच. त्याआधी एलईडी दिवे, पंख्याचे इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर, टीव्ही, फ्रिज सगळं सोडवून ठेवायचं, नाहीतर ५०० व्होल्ट त्यांच्यातूनच जातील. लाकडी बॅटनवरच्या रबरी वायरी असतील तर मेगरचीही गरज नाही. ते रबर वाकवलं की तडकतं, खाली वाळवीने पट्टी पोखरलेली असते. काढून टाका.

आता अर्थिंग. गोंधळ सगळ्यात जास्त इथेच आहे. तीन पिनांचं सॉकेट बसवलं म्हणजे अर्थ आला असं नाही. जुन्या घरांत वरच्या मोठ्या भोकामागे बऱ्याचदा काहीच जोडलेलं नसतं. त्याहून वाईट जुगाड म्हणजे सॉकेटमध्येच न्यूट्रलवरून एक तुकडा अर्थच्या पिनला. मागे कुठे न्यूट्रल तुटला की वॉशिंग मशीनची बॉडी थेट फेजवर येते. पाण्याच्या पाइपवर घेतलेला अर्थही आता भरवशाचा नाही, मधला तुकडा कधी पीव्हीसीचा झाला हे कुणाला सांगता येत नाही.

फेज आणि अर्थमध्ये १०० वॅटचा बल्ब लावून ‘पेटला, अर्थ चांगला’ म्हणणारे बरेच आहेत. पेटलेल्या बल्बचा स्वतःचा रोध ५०० ओहमच्या वर असतो. अर्थ ५० ओहमचा असला तरी बल्ब जवळजवळ पूर्ण उजेड देतो. पण त्याच अर्थवर गिझरची बॉडी शॉर्ट झाली तर करंट जाईल २३० भागिले ५०, म्हणजे ४.६ अँपियर. १६ अँपियरचा एमसीबी त्याने कधीच पडणार नाही आणि बॉडीवर व्होल्टेज तसंच राहील. अर्थ ५ ओहमचा करून घेतला तरी ४६ अँपियर. सी कर्व्हचा, म्हणजे रेटिंगच्या पाच ते दहापट करंटला झटकन पडणारा, १६ चा एमसीबी पाडायला ८० ते १६० अँपियर लागतात. अर्थ नसला तर भागत नाहीच, पण नुसत्या अर्थनेही भागत नाही. सोबत ३० मिलीअँपियरचा आरसीसीबी हवा, म्हणजे फेजमधून गेलेल्या आणि न्यूट्रलमधून परतलेल्या करंटमध्ये फरक पडला की लाइन तोडणारा स्विच.

स्वतःची जमीन असेल तर किमान ३८ मिमी आतल्या व्यासाचा, २.५ मीटर लांब जीआय (जस्त चढवलेल्या लोखंडाचा) पाइप पुरायचा, भोवती कोळसा आणि मीठ किंवा तयार केमिकल. कातळात आणि जांभ्यात एका खड्ड्याने अर्थच्या रोधाचा आकडा खाली येत नाही. दुसरा खड्डा पाइपच्या लांबीपेक्षा जास्त अंतरावर घेऊन दोन्ही जोडायचे. मोजमाप मे महिन्यात घ्यावं. पावसाळ्यात आकडा नेहमी चांगलाच दिसतो. फ्लॅट असेल तर मीटर रूममधल्या अर्थपासून स्वतंत्र हिरवी वायर पेटीपर्यंत आणायची.

आरसीसीबी बसवला की जुन्या घरात तो पहिल्याच दिवशी पडतो. इलेक्ट्रिशियन ‘पीस खराब आहे’ म्हणतो आणि बायपास करतो. खरं कारण बहुधा उसना न्यूट्रल असतो: हॉलच्या दिव्याला फेज एका सर्किटचा, न्यूट्रल शेजारच्या खोलीचा. इन्व्हर्टर असेल तर हे हमखास. इन्व्हर्टरचा इनपुट आणि त्यावरच्या दिव्यांचा न्यूट्रल एकाच आरसीसीबीखाली असायला हवेत. दुसरं कारण जुन्या गिझरचं करंट गळणारं एलिमेंट. एकेक सर्किट न्यूट्रलसकट सोडवून बघितलं की सापडतं. नुसता एमसीबी पाडून सापडत नाही, कारण तो फेजच तोडतो. आरसीसीबीला ओव्हरलोड कळत नाही, आणि एका हातात फेज, दुसऱ्यात न्यूट्रल धरला तर तोही वाचवत नाही. टेस्टचं बटण दर तीन महिन्यांनी दाबावं.

नव्या वायरी आयएसआय मार्कच्या, एफआर (आग सहज न पसरवणाऱ्या), तांब्याच्या. दिवे-पंखे १.५ स्क्वेअर एमएमवर १० अँपियरचा एमसीबी, पॉवर सॉकेट २.५ वर १६, गिझर, एसी आणि किचनला प्रत्येकी स्वतंत्र ४ स्क्वेअर एमएमची लाइन आणि २० अँपियर. एसीला सी कर्व्ह. अर्थची वायर प्रत्येक लाइनसोबत. गिझर, एसी, इंडक्शन, इस्त्री आणि मिक्सर एकदम लागले तर सात किलोवॅटच्या वर, म्हणजे तीस-बत्तीस अँपियर होतात. मेन १० स्क्वेअर एमएमची घ्या आणि मंजूर भार आधी वाढवून घ्या. मीटरपर्यंतची बाजू वीज कंपनीची, तिला हात लावायचा नाही. पेटी १६ वेची (१६ खाचांची), दोन आरसीसीबींची: एकाखाली बाथरूम-किचन, दुसऱ्याखाली बाकी घर. मातीच्या किंवा चुन्याच्या भिंतीत झिरी मारू नका, वरून पीव्हीसी पट्टी बरी.

पैसे एकदम नसतील तर आधी अर्थ आणि आरसीसीबी, जुन्या वायरींना झेपतील एवढेच एमसीबी, मग गिझर आणि किचनच्या लाइन, मग उरलेल्या खोल्या. मॉड्युलर स्विच शेवटी. काम परवानाधारक वायरमनकडूनच, आणि मेगरचे व अर्थचे आकडे तारखेसह पेटीच्या दाराच्या आतून लिहून घ्या.