बारावीनंतरचं इंग्रजी: वेलिंग्टनहून गुहागर-दापोलीच्या मुलांसाठी

मी न्यूझीलंडमध्ये, वेलिंग्टनला शिकते. यंदा बारावी झालेल्या आपल्याकडच्या मुलांचे मेसेज येताहेत, 'ताई, तिकडचं इंग्रजी झेपेल का?' मार्कांची काळजी कुणालाच नाही. बोर्डाच्या निकालात कोकण विभाग वर्षानुवर्षं पहिला येतोय. धास्ती आहे ती वर्गात बसल्यावर काय होईल याची.

ती धास्ती खरी आहे. २००० सालापासून आपल्याकडे पहिलीपासून इंग्रजी आहे, पण शाळेत ते बहुतेक धड्यातच राहतं. बाई वाचून दाखवतात, उत्तरं त्याच पानांत सापडतात. इथे पन्नास मिनिटांच्या लेक्चरमध्ये कुणी थांबत नाही, आणि न्यूझीलंडची माणसं 'पेन' म्हणतात ते आपल्या कानाला 'पिन' लागतं. लेक्चरचं रेकॉर्डिंग निदान नंतर मिळतं. ट्युटोरियलचं काय? तिथे मोजक्या मुलांत बसून, वाचून आलेल्या लेखावर आपलं मत द्यायचं. लेखकाचं म्हणणं पटलं नसेल तर तेही सांगायचं, कारणासकट. मोठ्यांसमोर गप्प राहण्याची आपली सवय इथे आदर म्हणून कुणाला कळत नाही. मला व्याकरणापेक्षा हेच जड गेलं.

म्हणून सगळी भिस्त आयईएल्टीएसच्या, म्हणजे परदेशी प्रवेशासाठीच्या इंग्रजी परीक्षेच्या, क्लासवर ठेवू नका. त्यातला ऐकण्याचा भाग मात्र मनापासून करा, कारण रेकॉर्डिंग एकदाच वाजतं. भाषातज्ज्ञ एव्हरिल कॉक्सहेड यांची ५७० शब्दकुटुंबांची (म्हणजे एकाच मूळ शब्दापासून झालेल्या शब्दांच्या गटांची) यादीही जरूर बघा. ती वेलिंग्टनच्याच व्हिक्टोरिया विद्यापीठात तयार झाली आणि २००० साली प्रसिद्ध झाली. रोजचे शब्द वगळून, कुठल्याही शाखेच्या पुस्तकांत पुन्हा पुन्हा भेटणारे शब्द तिच्यात आहेत. मी अजूनही लेक्चरचा विषय आदल्या रात्री मराठीतून समजून घेते. मग कानाला फक्त भाषेचंच काम उरतं.

आणि एक गोष्ट आपण विसरतो. घरी संगमेश्वरी किंवा मालवणी बोलणारं पोर शाळेत जाऊन पुस्तकी मराठी शिकतं, पेपर लिहितं, वक्तृत्व स्पर्धेत बोलतंसुद्धा. एका बोलीतून दुसरीत जायचा सराव तुम्हाला लहानपणापासून आहे. तो कमी लेखू नका.

इथलं शैक्षणिक वर्ष फेब्रुवारीअखेर सुरू होतं, म्हणजे निकालानंतरही बरेच महिने हातात राहतात. नोव्हेंबरात सुट्टी लागली की मी गुहागरला येतेय. संध्याकाळी आमच्या अंगणात जमू. येताना कुठल्याही विषयावरचा एक इंग्रजी लेख वाचून या, आणि त्यातलं काय पटलं नाही ते इंग्रजीतच सांगा. अडलात तर थांबा, मी थांबेन.